गर्भाच्या मेंदूला पोहोचणारा ऑक्सिजन एमआरआयने कसा मोजतात

पेडण्यातील किंवा सत्तरीतील एखाद्या गर्भवतीच्या बाळाची वाढ शेवटच्या तीन महिन्यांत मंदावल्याचे सोनोग्राफीत आढळले आणि तिला पुढील तपासणीसाठी बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉत) पाठवले, तर तिथे डॉक्टर डॉपलर (ध्वनिलहरींनी रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी) लावून मुख्यतः दोन रक्तवाहिन्या पाहतात : नाळेतील धमनी आणि बाळाच्या मेंदूतील मधली धमनी. वारेकडून होणारा पुरवठा अपुरा पडू लागला की गर्भाचे शरीर मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावते आणि इतर अवयवांच्या वाट्याचे रक्त तिकडे वळवते. त्यामुळेच अशा बाळांचे डोके आठवड्यांच्या मानाने बरे वाढलेले असते, पण पोटाचा घेर मागे पडतो. डॉपलरला हा बदल चांगला टिपता येतो. मात्र रायबंदर-चोडण फेरीबोटीच्या फेऱ्या मोजून पलीकडे किती माणसे उतरली हे जसे समजत नाही, तसेच रक्ताच्या वेगावरून मेंदूने प्रत्यक्षात किती ऑक्सिजन घेतला हे समजत नाही.

गर्भाच्या बाबतीत हा हिशेब मुळातच काटकसरीचा असतो. आपल्या धमन्यांतील रक्तात ऑक्सिजनची संपृक्तता, म्हणजे ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिनचे प्रमाण, पंचाण्णव टक्क्यांच्या वर असते, तर गर्भाला वारेतून मिळणारे सर्वांत चांगले रक्तसुद्धा सुमारे ८० टक्केच संपृक्त असते. हे रक्त नाळेतील शिरेतून आत येते, त्यातील काही भाग यकृताला वळसा घालून हृदयात पोहोचतो, तिथे दोन कर्णिकांमधील झडपेसारख्या छिद्रातून डावीकडे जातो आणि महाधमनीच्या पहिल्याच फाट्यांवाटे मेंदूकडे निघतो. वाटेत कमी ऑक्सिजनचे रक्त मिसळल्यामुळे मेंदूच्या दारात ही संपृक्तता ६५ टक्क्यांच्या आसपास उरते. एवढ्यावर मेंदूची वाढ सुरळीत होते, कारण गर्भाचे हिमोग्लोबिन आईच्या हिमोग्लोबिनपेक्षा ऑक्सिजनला अधिक घट्ट धरते आणि रक्ताचा प्रवाहही भरपूर असतो.

हा ऑक्सिजन बाहेरून मोजता येतो तो रक्तातील लोहामुळे. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी १९३६ मध्ये दाखवून दिले, की ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्राकडे ओढले जाते आणि ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन तसे ओढले जात नाही. एमआरआय यंत्राच्या प्रबळ चुंबकीय क्षेत्रात हे ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिन स्वतःभोवती बारीक विस्कळीतपणा निर्माण करते, त्यामुळे शेजारच्या पाण्यातील हायड्रोजनच्या केंद्रकांचा संकेत लवकर विरतो. जपानी संशोधक सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये उंदराच्या मेंदूत हा परिणाम चित्रित केला. गर्भासाठी हे विशेष सोयीचे आहे, कारण शिरेतून काहीही टोचावे लागत नाही. एमआरआयमध्ये चित्र उठावदार करण्यासाठी वापरले जाणारे गॅडोलिनियमचे औषध वार ओलांडून बाळापर्यंत जाते, म्हणून गरोदरपणी ते शक्यतो टाळतात.

प्रत्यक्ष मोजणी मात्र जिकिरीची असते. आईला किंचित डाव्या कुशीवर झोपवून पोटावर संकेत पकडणारी कॉइल बांधतात. कवटीच्या मध्यरेषेखाली मेंदूतील वापरलेले रक्त गोळा करणारी एक मोठी शीर असते, तिला आडवा छेद देणारी एकाच जागेची चित्रे थोड्या-थोड्या वाढत्या विलंबाने घेतात. पहिल्या चित्रात शीर उजळ ठिपक्यासारखी दिसते आणि पुढच्या प्रत्येक चित्रात ती करडी होत जाते. असे करडे होण्याला लागणाऱ्या वेळेच्या मापाला टी-टू म्हणतात आणि त्यावरून संपृक्ततेचे गणित मांडतात. शीर जेमतेम काही मिलिमीटरची असते आणि मधेच बाळाने मान वळवली, तर ठरवलेला छेदच चुकतो व पुन्हा सुरुवात करावी लागते. शिवाय टी-टूवर रक्तातील तांबड्या पेशींच्या प्रमाणाचाही परिणाम होतो. बाळाला रक्तक्षय असेल आणि ते लक्षात घेतले नाही, तर ऑक्सिजनचा आकडा फसवा निघतो. टी-वन नावाचे दुसरे मापन जोडून ऑक्सिजन आणि तांबड्या पेशी यांची मूल्ये वेगळी काढता येतात आणि माझ्या मते त्याशिवाय अशा आकड्यांवर फार भिस्त ठेवू नये.

संपृक्ततेला रक्तप्रवाहाच्या मापनाची जोड दिली, की मेंदूत गेलेला आणि मेंदूतून परत आलेला ऑक्सिजन यांच्यातील फरकावरून खरा वापर काढता येतो. टोरांटोतील संशोधकांनी २०१५ मध्ये ‘सर्क्युलेशन’ नियतकालिकात जन्मजात हृदयदोष असलेल्या ३० आणि निरोगी ३० गर्भांची अशी तुलना प्रसिद्ध केली. हृदयदोष असलेल्या गर्भांमध्ये मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचे प्रमाण कमी नव्हते, पण त्या रक्तातील संपृक्तता सरासरी १० टक्क्यांनी, मेंदूचा ऑक्सिजन-वापर ३२ टक्क्यांनी आणि मेंदूचे आकारमान १३ टक्क्यांनी कमी आढळले. अशा बाळांच्या विकासातील अडचणींचे खापर पूर्वी बरेचदा जन्मानंतरच्या शस्त्रक्रियेवर फुटत असे. त्यातील काही भाग जन्माआधीच सुरू झालेला असतो, हे यातून स्पष्ट झाले.

मग आईला नुसता ऑक्सिजन द्यावा का, असे कोणालाही वाटेल. डेन्मार्कमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आईने मास्कमधून जादा ऑक्सिजन घेतल्यावर गर्भाचे यकृत, प्लीहा आणि मूत्रपिंड यांतील संकेत वाढला, मेंदूतला मात्र वाढला नाही. निरोगी गर्भ ऑक्सिजनच्या चणचणीत मेंदूला जपतो, तसाच सुबत्तेतही त्याचा वाटा ठरावीक राखतो असे दिसते.

आपल्याकडे गर्भवतीला एमआरआय सांगितला जातो तो सहसा सोनोग्राफीत शंकास्पद वाटलेली मेंदूची रचना नीट पाहण्यासाठी, आणि त्या अहवालात ऑक्सिजनचा आकडा नसतो. प्रसूती कधी करायची हे आजही डॉपलर, बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांचा आलेख आणि वाढीची मोजमापे यांवरच ठरते.