देवरुषाची तक्रार आणि वाळीत टाकल्याची तक्रार: कायदे दोन आहेत

साताऱ्यातल्या माणपासून सांगलीतल्या जतपर्यंत कुठेही देवरुषाचं, म्हणजे बाधा उतरवतो म्हणणाऱ्या मांत्रिकाचं, प्रकरण निघालं की लोक म्हणतात, "अंधश्रद्धेचा कायदा लावा." भावकीनं एखाद्या घराशी बोलणं-चालणं तोडलं, तरी हेच म्हणतात. तक्रारही तशीच लिहिली जाते, आणि मग पोलीस ठाण्यात ती अडते.

पहिला कायदा 2013 चा, जादूटोणाविरोधी. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं झगडा दिला. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला, चारच दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळानं कायदा मंजूर केला. दुसरा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा, 2016 मध्ये मंजूर होऊन जुलै 2017 मध्ये लागू झालेला.

जादूटोणाविरोधी कायदा श्रद्धेची तपासणी करत नाही, हे आधी पक्कं समजून घ्यावं. त्याच्या अनुसूचीत, म्हणजे कायद्याला जोडलेल्या यादीत, बारा प्रकारची कृत्यं आहेत आणि गुन्हा ठरतो तो त्यांतल्याच एखाद्या कृत्यानं. भूत उतरवायचं म्हणून साखळीनं बांधणं, चाबकानं मारणं, मिरचीची धुरी देणं, केस उपटणं. गुप्तधनासाठी अघोरी कृत्य करणं. एखादी बाई करणी करते, तिच्यामुळे जनावरं आटली असं जाहीर करणं. साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडे करत बसणं. नुसतं अंगात येणं यात बसत नाही. अंगात आल्याचं भासवून "सांगितलं ते केलं नाहीस तर घर बसेल" अशी भीती घातली, की बसतं.

उलट वारी, प्रदक्षिणा, भजन, कीर्तन, घरची पूजा, ज्योतिषाचा सल्ला, हे सगळं कायद्यानं स्पष्ट शब्दांत बाहेर ठेवलं आहे. जैनांचं केशलोचनही. सांगली भागात हे उदाहरण चटकन कळतं. मुनी स्वतः पत्करलेल्या व्रतात केस उपटतात, ते धर्माचरण. देवरुषी बाधा काढायची म्हणून कुणा सुनेचे केस उपटतो, तो गुन्हा. केस दोन्हीकडे उपटले जातात, पण दुसरीकडे त्या सुनेवर बळजबरी होते.

बहिष्काराच्या कायद्यात मंत्र-तंत्राचा संबंधच नाही. तिथे आरोपी असतो समूह: जातपंचायत, गावकी, भावकी, नोंदणी असो वा नसो. लग्नाला किंवा मयताला येऊ न देणं, स्मशान, समाजमंदिर किंवा देऊळ वापरू न देणं, इतरांना त्या घराशी संबंध तोडायला लावणं, समाजातून काढल्याचं सांगणं, हे सगळं त्यात येतं. असा निर्णय घ्यायला बैठक बोलावणं आणि तिच्यात भाग घेणं हाही गुन्हाच.

"आमच्या धर्माच्या रीतीत सरकारनं का पडावं?" हा प्रश्न जुना आहे. मुंबई राज्यानं 1949 मध्ये बहिष्कृत करण्यावर बंदी घालणारा कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं, आणि धार्मिक कारणानं समाजाबाहेर काढणं हा संप्रदायाच्या स्वातंत्र्याचा भाग मानून सर्वोच्च न्यायालयानं 1962 मध्ये तो रद्द केला. 2023 मध्ये घटनापीठानं तो मुद्दा नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला. तेव्हा हा वाद संपलेला नाही. पण ज्या घरच्या मयताला खांदा द्यायला माणूस मिळू दिला जात नाही, त्या घराला रीतीचं कौतुक ऐकवणं चूकच, असं आमचं ठाम मत आहे.

शिक्षेत फरक मोठा आहे. पहिल्यात किमान 6 महिने ते 7 वर्षं कैद आणि 5,000 ते 50,000 रुपये दंड, गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र (जामीन हक्कानं मिळत नाही). दुसऱ्यात 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तो दखलपात्र असला तरी जामीनपात्र आहे आणि न्यायालयाच्या परवानगीनं मिटवताही येतो. दोषारोपपत्र दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत खटला संपवावा, अशी त्यात तरतूद आहे.

(शिराळ्यात नागपंचमीला जिवंत नाग पकडण्यावरची बंदी यांतल्या कुठल्याच कायद्यातली नाही, ती 1972 च्या वन्यजीव कायद्यातली. पशुबळीही जादूटोण्याच्या अनुसूचीत नाही.)

तक्रारी फसतात त्या लिहिण्यात. "अंधश्रद्धा पसरवतो" एवढंच लिहिलं तर अनुसूचीतलं कृत्य दिसत नाही. तारीख, जागा, काय केलं, काय धमकी दिली, किती पैसे घेतले आणि अंगावर जखम असेल तर वैद्यकीय दाखला, हे हवं. बहिष्कारात अडचण वेगळी. निर्णय तोंडी असतो, आणि "आम्ही बोलत नाही, आमची मर्जी" असा बचाव येतो. म्हणून बैठकीला कोण होतं त्यांची नावं, पंचायतीला दंड भरला असेल तर त्याचा पुरावा, व्हॉट्सअॅपवरचे निरोप, समाजाची सामाईक भांडी नाकारल्याची किंवा देवळात अडवल्याची तारीख लगेच टिपून ठेवावी. बहिष्काराची तक्रार पीडित व्यक्ती किंवा तिच्या घरचे पोलिसांकडे किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे करू शकतात.

बाईला चेटकीण ठरवलं आणि मग गावानं तिचं येणं-जाणं बंद केलं, तर दोन्ही कायदे लागतात. तेव्हा एकाच फिर्यादीत दोन्ही गोष्टी क्रमानं सांगाव्यात. नुसता बहिष्कार लिहिला तर सगळे जामिनावर सुटतात, आणि तिला चेटकीण म्हणणाऱ्याचं नाव कागदावर येतच नाही.