भिंगावर कोरलेले चार आकडे

संयुक्त सूक्ष्मदर्शकाच्या पदार्थभिंगाची, म्हणजे पाहायच्या वस्तूकडील भिंगाची, धातूची नळी जवळून पाहिली, तर तिच्यावर बारीक अक्षरांत '४०/०.६५' आणि त्याखाली '१६०/०.१७' असे आकडे कोरलेले आढळतात. बहुतेकांची नजर पहिल्या आकड्यावर जाऊन तेथेच थांबते, कारण भिंग किती पट मोठे दाखवते हे तो सांगतो. भिंगाचा खरा दर्जा मात्र दुसऱ्या आकड्यात दडलेला असतो, आणि सूक्ष्मदर्शकाचे निम्मे भाग नेमके कशासाठी बसवलेले आहेत, हेही त्याच आकड्यावरून उलगडत जाते.

प्रथम मोठे दिसण्याचा भाग पाहू. काचपट्टीवरील पदार्थ पदार्थभिंगाच्या नाभीच्या (समांतर किरण जेथे एकवटतात त्या बिंदूच्या) किंचित पलीकडे येईल असा ठेवलेला असतो. त्यामुळे भिंगाच्या वरच्या बाजूला, नलिकेच्या टोकाजवळ, त्या पदार्थाची उलटी, मोठी आणि वास्तव प्रतिमा तयार होते. ही प्रतिमा झेलायला तेथे कोणताही पडदा नसतो. ती हवेतच असते आणि नेत्रिका, म्हणजे डोळ्याजवळचे भिंग, साध्या भिंगाप्रमाणे तिलाच आणखी मोठी करून डोळ्यापुढे ठेवते. स्पष्ट दृष्टीचे किमान अंतर २५० मिलिमीटर धरण्याचा संकेत आहे; म्हणून ज्या नेत्रिकेचे नाभीय अंतर २५ मिलिमीटर असते, ती १० पट वर्धन करते. पदार्थभिंग ४० पट आणि नेत्रिका १० पट, म्हणजे एकूण वर्धन ४०० पट. नेत्रिका ही प्रतिमा पुन्हा सुलटी करत नाही. त्यामुळे काचपट्टी उजवीकडे सरकवली की दृश्य डावीकडे पळते, आणि नवख्या माणसाची बोटे सुरुवातीला हमखास गोंधळतात.

गुणाकार इतका सोपा असेल, तर ४० पटींच्या पदार्थभिंगावर ५० पटींची नेत्रिका लावून २००० पट वर्धन का मिळवू नये, असा प्रश्न कोणालाही पडेल. तसे वर्धन मिळते, पण त्याचा उपयोग नसतो. वर्तमानपत्रातील छायाचित्र कितीही मोठे करून पाहिले तरी छपाईचे ठिपकेच मोठे होतात, चेहऱ्यावरची नवी रेघ काही उमटत नाही. तसेच येथेही घडते. जो बारकावा पदार्थभिंगाने टिपलेला नाही, तो कोणतीही नेत्रिका मागाहून निर्माण करू शकत नाही. म्हणूनच एकूण वर्धन हे दुसऱ्या आकड्याच्या साधारण ५०० ते १००० पटींत असावे, असा आडाखा वापरला जातो. ०.६५ साठी ही मर्यादा ३२५ ते ६५० इतकी येते, आणि ४०० पट त्यात नीट बसते. खेळण्यातल्या सूक्ष्मदर्शकांच्या खोक्यांवर छापलेले हजारोंचे आकडे याच कसोटीवर पोकळ ठरतात.

हा दुसरा आकडा म्हणजे भिंगाचे न्यूमेरिकल अपर्चर. पदार्थाच्या एका बिंदूपासून निघालेला प्रकाश शंकूच्या आकारात पसरत असतो. त्यातला किती रुंद शंकू भिंग आत घेऊ शकते, याचे ते माप आहे. शंकूच्या अर्ध्या कोनाची ज्या (साइन) आणि मधल्या माध्यमाचा अपवर्तनांक, म्हणजे ते माध्यम प्रकाशाला किती वाकवते याचा आकडा, यांचा गुणाकार केला की ते मिळते. ४ पटींच्या भिंगाचे न्यूमेरिकल अपर्चर सहसा ०.१० असते, म्हणजे त्यात शिरणारा शंकू जेमतेम साडेअकरा अंशांचा असतो, ०.६५ च्या भिंगात तो सुमारे ८१ अंशांचा होतो. या रुंदीला एवढे महत्त्व येते ते विवर्तनामुळे, म्हणजे बारीक रचनेपाशी प्रकाश वळून पसरत असल्यामुळे. पदार्थातील रचना जितकी बारीक, तितका तिच्यातून जाणारा प्रकाश अधिक मोठ्या कोनात वळतो. हा वळलेला प्रकाश भिंगाच्या कडेबाहेर निसटला, तर त्या रचनेची माहितीच प्रतिमेपर्यंत पोचत नाही. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये हा विचार मांडला. त्यानुसार दोन बिंदू वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यात निदान तरंगलांबी भागिले न्यूमेरिकल अपर्चरची दुप्पट इतके अंतर असावे लागते. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रोमीटर धरली, तर ०.६५ च्या भिंगासाठी हे अंतर सुमारे ०.४२ मायक्रोमीटर येते, आणि १.२५ च्या भिंगासाठी ०.२२ मायक्रोमीटर. सात-आठ मायक्रोमीटर व्यासाची तांबडी रक्तपेशी यात आरामात दिसते आणि एक-दोन मायक्रोमीटरचे जिवाणूही दिसतात; बहुतेक विषाणू मात्र या मर्यादेच्या खाली राहतात.

हवेचा अपवर्तनांक १ आणि कोणत्याही कोनाची ज्या १ पेक्षा मोठी होत नाही, मग १.२५ हा आकडा आला कोठून? तो तेलामुळे आला. काचपट्टीवर पदार्थ झाकणाऱ्या पातळ आच्छादन काचेतून प्रकाश हवेत जाताना, सुमारे ४१ अंशांपेक्षा अधिक तिरपे किरण काचेतच पूर्णपणे परावर्तित होतात आणि भिंगापर्यंत येतच नाहीत. काच आणि भिंग यांच्यामध्ये काचेइतक्याच, म्हणजे सुमारे १.५१५ अपवर्तनांकाच्या तेलाचा थेंब ठेवला, की प्रकाशाच्या दृष्टीने मधला काच-हवा सांधाच नाहीसा होतो आणि ५५ अंशांपर्यंत तिरपे किरणही सरळ भिंगात शिरतात. १०० पटींच्या भिंगावर काळे वलय असते ते हेच सुचवण्यासाठी. असे भिंग तेलाशिवाय वापरले, तर दृश्य धुरकट दिसते आणि दोष उगाच भिंगाच्या माथी मारला जातो. उलट ४० पटींचे कोरडे भिंग चुकून तेलात बुडाले तर तेही तितकेच निकामी होते, आणि ते तेल लगेच पुसले नाही तर भिंगाच्या बैठकीत झिरपू शकते.

रुंद शंकू घ्यायचा, तर भिंगाच्या कडेकडून जाणारे किरण मधल्या किरणांबरोबर एकाच बिंदूत आणावे लागतात, शिवाय लाल आणि निळा प्रकाशही एकाच ठिकाणी यावा लागतो. एकेरी काचेला हे जमत नाही. रॉबर्ट हूक यांनी १६६५ मध्ये बुचाच्या कापात पेशींच्या भिंती दाखवल्या त्या संयुक्त सूक्ष्मदर्शकाने; परंतु त्या काळच्या दोन-तीन भिंगांच्या उपकरणांत प्रत्येक भिंगाचा दोष पुढच्या भिंगात वाढत जाई. म्हणूनच आंतोनी फान लेव्हेनहूक यांना जिवाणू दिसले ते एकाच इवल्याशा भिंगातून. त्यांच्या आज उरलेल्या उपकरणांपैकी सर्वांत चांगले उपकरण सुमारे २७० पट वर्धन करते. १८३० मध्ये जोसेफ जॅक्सन लिस्टर यांनी वेगवेगळ्या काचांची जोडभिंगे परस्परांपासून ठरावीक अंतरावर बसवून दोष कसे आवरता येतात, ते दाखवले, आणि तेथून संयुक्त सूक्ष्मदर्शक खऱ्या अर्थाने पुढे सरकला. आज एका पदार्थभिंगाच्या नळीत अनेक लहान भिंगे एकामागे एक बसवलेली असतात. म्हणून ही नळी उघडून साफ करण्याचा मोह टाळावा.

आता काचपट्टी ज्यावर ठेवतात त्या मंचाखाली पाहू. उपकरणाचा हा भाग सर्वांत दुर्लक्षित राहतो, आणि माझ्या मते वाईट दिसणाऱ्या दृश्यांचे मूळ बहुधा येथेच असते. पदार्थभिंग रुंद शंकू घ्यायला तयार असले, तरी पदार्थावर खालून येणारा प्रकाशही तितकाच रुंद असायला हवा. हे काम कंडेन्सर करतो. तो दिव्याचा किंवा आरशाचा प्रकाश एकवटून पदार्थावर सोडतो, आणि त्याचा शंकू पदार्थभिंगाच्या शंकूशी जुळवता येतो. आरशाला दोन बाजू असतात: कंडेन्सर असेल तेव्हा सपाट बाजू वापरावी, अंतर्गोल बाजू कंडेन्सर नसलेल्या मांडणीसाठी असते.

कंडेन्सरच्या पोटात पातळ पात्यांची झडप असते. तिला आयरिस डायफ्राम म्हणतात. दृश्य फार उजळ वाटले की हीच झडप मिटण्याची सवय अनेकांना लागते, आणि ती पुढे सुटत नाही. खरे तर उजेड कमी करायचा असेल तर दिव्याचे बटण फिरवावे, कारण झडप मिटली की प्रकाशाचा शंकू अरुंद होतो आणि विभेदनक्षमता, म्हणजे जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवण्याची क्षमता, घसरत जाते. आबेंच्या सिद्धांतानुसार ती निम्म्यापर्यंत उतरू शकते. गोंधळ होतो तो असा, की झडप मिटताच दृश्यातील कडा अधिक गडद आणि ठसठशीत दिसू लागतात, त्यामुळे पाहणाऱ्याला दृश्य सुधारल्याचा भास होतो. रंग न दिलेल्या पारदर्शक पेशी पाहताना थोडी झडप मिटावीच लागते, अन्यथा त्या दिसतच नाहीत. रंगवलेल्या नमुन्यासाठी मात्र ती पुरेशी उघडी हवी. योग्य जागा शोधण्याची जुनी रीत सोपी आहे: नेत्रिका काढून रिकाम्या नलिकेत डोकवावे आणि तळाशी दिसणाऱ्या उजळ वर्तुळाचा सुमारे तीन-चतुर्थांश व्यास उघडा राहील इतकीच झडप मिटावी. पदार्थभिंग बदलले की ही मांडणी पुन्हा करायची असते. प्रकाशयोजनेचा हा सगळा विचार ऑगस्ट कोलर यांनी १८९३ मध्ये शिस्तीत बसवला, आणि दिव्यापाशी असलेली दुसरी झडप त्याच पद्धतीचा भाग आहे.

खालच्या ओळीतले दोन आकडे थोडक्यात सांगता येतील. १६० हा नलिकेच्या मिलिमीटरमधील लांबीचा आकडा आहे, आणि भिंग तेवढ्याच लांबीसाठी दुरुस्त केलेले असते. नव्या उपकरणांत त्या जागी अनंताचे चिन्ह असते, कारण तेथे प्रतिमा तयार करण्याचे काम नलिकेतल्या आणखी एका भिंगाकडे सोपवलेले असते. ०.१७ ही आच्छादन काचेची मिलिमीटरमधील जाडी होय. ४ किंवा १० पटींच्या भिंगाला जाडीतला फरक जाणवत नाही, पण ४० पटींच्या कोरड्या भिंगाला तो जाणवतो. त्यामुळे जाड काच वापरणे, किंवा काचेऐवजी दुसरी काचपट्टीच वर ठेवणे, महागात पडते.

पाया आणि भुजा यांचे काम उपकरण स्थिर ठेवण्याचे, आणि उचलताना एक हात भुजेवर व दुसरा पायाखाली असावा, याहून त्यांच्याविषयी अधिक सांगण्यासारखे नाही. पदार्थभिंगे धरणारे फिरते चक्र मात्र बारकाईने घडवलेले असते: एका भिंगाने दृश्य स्पष्ट केल्यावर दुसरे भिंग वळवून आणले, तरी दृश्य जवळजवळ स्पष्टच राहील, अशा बेताने भिंगांच्या नळ्यांची लांबी ठेवलेली असते. म्हणूनच पाहणी नेहमी ४ पटींपासून सुरू करतात. त्या भिंगात दृश्याचा व्यास सुमारे साडेचार मिलिमीटर असतो, तर त्याच नेत्रिकेतून ४० पटींत तो अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी उरतो, आणि तेथे हरवलेली पेशी थेट शोधणे अवघड जाते.

मोठा, म्हणजे स्थूल समायोजक स्क्रू फक्त कमी वर्धनाच्या भिंगावर फिरवावा. ४० पटींच्या भिंगाचे टोक स्पष्ट दृश्याच्या वेळी काचेपासून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, १०० पटींचे त्याहूनही जवळ. स्थूल स्क्रूचा एक निष्काळजी फेरा काचपट्टी फोडायला पुरेसा आहे. तेथून पुढे काम सूक्ष्म समायोजक स्क्रूचे. न्यूमेरिकल अपर्चर वाढते तसा एका वेळी स्पष्ट दिसणारा थर पातळ होत जातो: ०.१० ला तो पन्नासेक मायक्रोमीटर असतो, ०.६५ ला एक-दीड मायक्रोमीटर, आणि तेलातल्या भिंगाला त्याच्याही निम्म्याच्या आसपास. कांद्याच्या पापुद्र्यातली पेशी यापेक्षा कितीतरी जाड असते, त्यामुळे तिचे केंद्रक आणि वरची भित्ती एकाच वेळी स्पष्ट दिसू शकत नाहीत. सरावलेला निरीक्षक एक हात या स्क्रूवर ठेवून तो सतत किंचित पुढे-मागे फिरवत राहतो, आणि कोणती रचना आधी स्पष्ट झाली, कोणती नंतर, यावरून तिची खोली ठरवतो.