आधी भाडं, मग विक्री, पुन्हा भाडं: कॅसिनो-यंत्रांच्या शेअरची पार्श्वभूमी

कॅसिनोची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचा निकाल लागला की जाणकार आधी एक आकडा शोधतात: किती यंत्रं भाड्यावर लागली आहेत आणि एका यंत्रामागे दिवसाला किती मिळतंय. विक्री त्यानंतर. ही पद्धत नव्या जमान्याची वाटते, पण या धंद्याची सुरुवातच तशी झाली होती. 1890 च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या चार्ल्स फेने ‘लिबर्टी बेल’ बनवलं: नाणं टाकून तीन चाकं फिरवायची आणि चित्रं जुळली तर बक्षीस, असं जुगाराचं यंत्र. तो ते विकत नसे. दारूच्या गुत्त्यात मांडायचा आणि गल्ल्यातला निम्मा वाटा घ्यायचा. पुढे शिकागोच्या मिल्स कंपनीने तसंच यंत्र काढलं, इतरही उतरले आणि हा पेट्या बनवून विकण्याचा धंदा झाला.

या धंद्याला शेअर बाजाराचं दार उघडलं ते 1969 मध्ये. लास व्हेगस ज्या राज्यात आहे त्या अमेरिकेतल्या नेवाडात जुगार 1931 पासून कायदेशीर होता, पण परवाना हवा तर कंपनीच्या प्रत्येक भागधारकाची तपासणी व्हायची. ज्या कंपनीचे शेअर रोज हात बदलतात तिला हे जमणार कसं? 1969 च्या कायद्याने ही चौकशी मोठ्या भागधारकांपुरती ठेवली. तिची खूण आजही शिल्लक आहे: मतदानाचा हक्क असलेले 5 टक्क्यांहून जास्त शेअर झाले की नेवाडाच्या नियामकाला कळवायचं, 10 टक्क्यांपुढे गेलात की स्वतःच्या पात्रतेसाठी अर्ज करायचा. गुंतवणूक संस्थांना यात सवलत मिळू शकते.

साय रेड यांची आयजीटी ही यंत्रं बनवणारी कंपनी 1981 मध्ये शेअर बाजारात आली. पण या कंपन्यांचं रूप खरं बदललं ते इंगे टेल्नेस यांच्या 1984 च्या पेटंटने. जुन्या यंत्रात चाकावर साधारण 22 थांबे, म्हणजे चाक थांबू शकेल अशा जागा. तीन चाकं म्हणजे 22 × 22 × 22, एकूण 10,648 शक्यता. बक्षीस त्या मर्यादेतच बसवावं लागे. चाकं मोठी केली किंवा वाढवली की खेळणाऱ्यालाही कळायचं, इथे आपलं काही खरं नाही. टेल्नेस यांनी निवड संगणकाच्या चिपवर सोपवली: आकडा आत निघतो, चाक फक्त तो दाखवायला फिरतं. मग दिसायला चाक तेवढंच, शक्यता मात्र लाखो. हे पेटंट पुढे आयजीटीकडे गेलं. माझ्या मते या क्षेत्रातला सगळ्यात महत्त्वाचा कागद तोच.

कारण त्याशिवाय अवाढव्य जॅकपॉट परवडला नसता. 1986 मध्ये आयजीटीने ‘मेगाबक्स’ आणलं: नेवाडाभरच्या कॅसिनोंतली यंत्रं एकमेकांना जोडलेली, प्रत्येक पैजेतला थोडा भाग सामाईक जॅकपॉटमध्ये. 2003 मध्ये लास व्हेगसच्या एक्सकॅलिबर कॅसिनोत तो सुमारे 3 कोटी 97 लाख डॉलरला फुटला. असं जाळं कोणी एकरकमी विकत नाही. चालवणारा रोज वाटा घेतो. फे परत आला म्हणायचं.

2008 च्या मंदीत कॅसिनोंनी नवी खरेदी लांबवली तेव्हा बाजाराला भाड्याची किंमत कळली. तरी भाडं म्हणजे पेन्शन नव्हे. कोविडमुळे मार्च 2020 पासून नेवाडाचे कॅसिनो 78 दिवस बंद राहिले आणि तिथला वाटा शून्यावर आला.

मधल्या काळात कर्ज काढून एकमेकांना गिळण्याची लाट येऊन गेली. लॉटरीच्या धंद्यातल्या सायंटिफिक गेम्सने 2013 मध्ये डब्ल्यूएमएस आणि 2014 मध्ये बॅली या यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या घेतल्या, 2015 मध्ये इटालियन मालकीच्या जीटेक या लॉटरी कंपनीने आयजीटी. कर्जाचं ओझं इतकं झालं की सायंटिफिक गेम्सला लॉटरीचा धंदा विकावा लागला. 2022 मध्ये तिने ‘लाइट अँड वंडर’ असं नाव घेतलं. आयजीटीचा यंत्रविभाग आणि याच क्षेत्रातली एव्हरी ही कंपनी 2025 मध्ये अपोलो या खासगी गुंतवणूक संस्थेच्या फंडांकडे गेले, म्हणजे सामान्य गुंतवणूकदारासाठी निवड आणखी आखडली.

सप्टेंबर 2024 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅरिस्टोक्रॅट या प्रतिस्पर्धी यंत्र-कंपनीने लाइट अँड वंडरच्या ‘ड्रॅगन ट्रेन’ या खेळावर अमेरिकी न्यायालयातून तात्पुरती मनाई मिळवली. आरोप पेटी चोरल्याचा नव्हता, खेळाच्या पोटातलं गणित उचलल्याचा होता. लाइट अँड वंडरचा शेअर एका दिवसात सुमारे पाचव्या हिश्श्याने कोसळला. ती यंत्रं बहुतेक भाड्यावरच होती. कंपनीने त्यांतला खेळ काढून दुसरा घातला. पेट्या बहुतेक जागच्या जागीच राहिल्या.