पशुरोग नियंत्रण : धोरणनिर्णय

पाळीव जनावरे, कोंबड्या व संवर्धित मासे-कोळंबी यांच्यात साथ आल्यास वाहतूक रोखावी, बाधित कळप नष्ट करावेत, लस टोचावी की रोग सोसावा, हे ठरविण्याची शासकीय प्रक्रिया. रोगपाहणी, प्रयोगशाळेतील निदान, जोखीम विश्लेषण, गणिती प्रतिमाने (साथ कशी पसरेल याची आकडेमोडीने केलेली मांडणी) आणि खर्चाचा हिशेब हे तिचे आधार होत.

बाधित जनावरे मारून साथ आटोक्यात आणण्याच्या धोरणाचे श्रेय सामान्यतः पोप क्लेमेंट अकरावा यांचे वैद्य जोव्हान्नी मारिआ लान्चीसी (१६५४–१७२०) यांना दिले जाते. रोमच्या परिसरात १७१३ च्या सुमारास बुळकांडी (गुरांचा घातक विषाणुजन्य रोग) शिरली, तेव्हा त्यांनी कत्तल, वाहतूकबंदी आणि आदेश मोडणाऱ्यांना कडक शिक्षा असे उपाय सुचविले. मात्र इंग्लंडमध्ये टॉमस बेट्स या शल्यचिकित्सकाने १७१४ मध्ये जवळपास असेच उपाय योजले, आणि मारलेल्या जनावरांची भरपाई मालकांना दिली. बेट्स यांनी लान्चीसींचे अनुकरण केले, असे काही लेखक मानतात. परंतु लान्चीसींचा ग्रंथ १७१५ चा आहे. पत्रव्यवहारातून माहिती पोहोचल्याची शक्यता नाकारता येत नसली, तरी दोन्ही प्रयत्न स्वतंत्र मानणे अधिक सयुक्तिक दिसते. धोरणाच्या दृष्टीने बेट्स यांची भरपाईच महत्त्वाची ठरते : ती तुटपुंजी असेल तर मालक रोग लपवितो, सढळ असेल तर खबरदारीत ढिला पडतो.

आकडेमोडीच्या आधारे साथीचा पुढचा मार्ग वर्तविण्याचा एक आरंभीचा प्रयत्न ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांनी १८६६ मध्ये ब्रिटनमधील बुळकांडीसंबंधी केला. साथ लवकरच ओसरेल हे त्यांचे भाकीत सर्वसाधारणपणे खरे ठरले. पण त्याच वर्षी सक्तीच्या कत्तलीचा कायदा झाल्याने श्रेय कोणाचे, हे ठरविणे अवघड आहे. हिंदुस्थानातून ब्राझीलला निघालेली जनावरे अँटवर्प बंदरात उतरल्याने १९२० मध्ये बेल्जियममध्ये बुळकांडी पसरली. त्यातून १९२४ मध्ये पॅरिस येथे २८ देशांची आंतरराष्ट्रीय पशुरोग संस्था (आजची जागतिक पशुआरोग्य संघटना) स्थापन झाली. बुळकांडीचे जगातून निर्मूलन झाल्याचे २०११ मध्ये जाहीर करण्यात आले.

ब्रिटनमधील २००१ ची लाळ-खुरकूत (खूर असलेल्या जनावरांचा वेगाने पसरणारा विषाणुजन्य रोग) साथ हे प्रतिमानांवर विसंबून घेतलेल्या निर्णयाचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण. बाधित शेतांवरील जनावरे २४ तासांत आणि लगतच्या शेतांवरील ४८ तासांत मारण्याचे धोरण तेथे स्वीकारले गेले. एकूण ६० लाखांहून अधिक जनावरे मारली गेली. त्यामुळेच साथ लवकर आटोपली, असे समर्थक म्हणतात. लगतच्या कत्तलीचा पूर्ण अंमल होण्यापूर्वीच साथीचा जोर ओसरू लागला होता, शिवाय शेताशेतांतील फरक प्रतिमानांत पुरेसा उतरला नव्हता, असा आक्षेप पशुवैद्यांनी घेतला. तो सहज बाजूला सारता येत नाही. प्रतिमाने साथ येण्यापूर्वी पर्याय तपासण्यास अधिक उपयोगी, ऐन साथीत कमी.

लसीकरणाचा निर्णय केवळ वैद्यकीय नसतो. लसीविना लाळ-खुरकूतमुक्त असलेल्या देशात साथ आल्यास, फक्त कत्तल केल्यावर रोगमुक्तीचा दर्जा, ज्यावर निर्यात अवलंबून असते, सामान्यतः तीन महिन्यांनी परत मिळू शकतो. लस टोचलेली जनावरे जिवंत ठेवल्यास सामान्यतः सहा महिने लागतात. हा फरक निर्यातदारास जाचतो, स्थानिक दूधवाल्यास नव्हे. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ पासून लागू असलेल्या करारानुसार आयातबंदीला शास्त्रीय जोखीम विश्लेषणाचा आधार लागतो.

जलसंवर्धनात हे ठोकताळे जसेच्या तसे चालत नाहीत. रोगजंतू पाण्यावाटे पसरतात, वन्य माशांत टिकतात आणि तळ्यातली मरतूक उशिरा ध्यानात येते. कोळंबीत लसीने प्रतिपिंडे (रोगजंतूंना रोखणारी प्रथिने) निर्माण होत नाहीत. म्हणून तिच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणुजन्य रोगात रोगमुक्त बीजावर (तळ्यात सोडायच्या पिलांवर) भर असतो. चिलीत २००७ मध्ये सॅमनमधील संसर्गजन्य रक्तक्षय पसरल्यानंतर शेजारच्या पिंजऱ्यांचे गट करून ते एकाच वेळी रिकामे ठेवण्याचे नियम करण्यात आले.