मॅनेजर, पण कशाचा?

सॉफ्टवेअरच्या टीममध्ये चार डेव्हलपर, दोन टेस्टर, एक डिझायनर, एक डेव्हऑप्सवाला, म्हणजे तयार कोड सर्व्हरवर चढवून चालता ठेवणारा. या सगळ्यांना सांभाळणाऱ्याचं पद काय लिहायचं, यावर एचआरशी मेलामेली सुरू होते. डेव्हलपमेंट मॅनेजर म्हणावं तर टेस्टर नाराज. प्रोजेक्ट मॅनेजर म्हणावं तर हा नुसता एक्सेल भरतो असा समज. डिलिव्हरी मॅनेजर म्हणावं तर गावाकडचे विचारतात, कुरिअरमध्ये आहेस का? हा घोळ जुना आहे.

आपल्याकडे सत्तर-ऐंशीच्या दशकांत हे पद होतं ईडीपी मॅनेजर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक डेटा प्रोसेसिंगचा साहेब. एसीची खोली, दाराबाहेर काढलेल्या चपला, आत डेटा एंट्रीच्या ऑपरेटर, दोन-तीन प्रोग्रामर, एखादा सिस्टिम ॲनालिस्ट. टीम तेव्हाही मिश्रच, पण नावाचा वाद नव्हता, कारण मशीन ज्याच्या ताब्यात तो मॅनेजर. कॉम्प्युटर बहुधा पगारपत्रकं आणि लेजर काढायलाच आलेला असायचा, त्यामुळे हा मॅनेजर अनेक ठिकाणी अकाउंट्सच्या साहेबाच्या हाताखाली असे.

अमेरिका-युरोपात तोवर वेगळंच डोकं चाललं होतं. सॉफ्टवेअर वेळेत होत नाही, या चिंतेत ऑक्टोबर 1968 मध्ये जर्मनीतल्या गार्मिश इथे नाटोची परिषद भरली. 'सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग' हे तिचं नाव मुद्दाम डिवचण्यासाठी निवडलं होतं. आयबीएममध्ये हार्लन मिल्स यांनी 'चीफ प्रोग्रामर टीम' मांडली. न्यूयॉर्क टाइम्सचा कात्रणसंग्रह कॉम्प्युटरवर आणण्याचं काम तशा टीमने केलं. त्यात मुख्य प्रोग्रामर, त्याचा बदली प्रोग्रामर आणि कोड, यादी, छापील प्रती जपणारा लायब्ररियन असे. प्रमुख स्वतः कोड लिहायचा. मला हे पदनाम आजही सगळ्यांत प्रामाणिक वाटतं, पण ते फार रुजलं नाही.

रुजला तो प्रोजेक्ट मॅनेजर. टीसीएस 1968 मध्ये सुरू झाली, 1981 मध्ये पुण्यात इन्फोसिस. धंदा परदेशी ग्राहकाचं काम घेऊन करायचा. कामाला सुरुवात, शेवट आणि बिल होतं, त्यामुळे जबाबदार माणसाचं नावही कंत्राटावरूनच पडलं. त्याखाली शिडी लागली: प्रोग्रामर, मॉड्यूल लीड, प्रोजेक्ट लीड, मग पीएम. लग्नाच्या बायोडेटात 'पीएल' लिहिलं की मुलाकडच्यांचा आवाज जरा चढायचा.

व्हिसानेही यात हात घातला. कंपनीच्याच अमेरिकेतल्या ऑफिसात बदलीवर जाणाऱ्यांपैकी एल-1ए व्हिसा मॅनेजर आणि एक्झिक्युटिव्हसाठी, मुदत जास्तीत जास्त 7 वर्षं. एल-1बी विशेष ज्ञान असलेल्या कर्मचाऱ्यांसाठी, मुदत 5. पुढे ग्रीन कार्डासाठीही मॅनेजरचा रस्ता वेगळा आणि बराच सोपा. नुसत्या पदनामावर तिथले अधिकारी विश्वास ठेवत नाहीत, हाताखाली कोण आहे आणि निर्णय कुणाचा चालतो हे बघतात. तरी 'लीड'पेक्षा 'मॅनेजर' लिहून घेण्याकडे माणसांचा ओढा राहिला तो काही उगीच नाही.

स्वतःचं सॉफ्टवेअर बनवून विकणाऱ्या प्रॉडक्ट कंपन्यांत भांडण वेगळं होतं. मायक्रोसॉफ्टमध्ये डेव्हलपर, टेस्टर आणि काय बनवायचं ते आखणारे प्रोग्रॅम मॅनेजर अशा तीन समांतर रांगा होत्या. डेव्ह लीड डेव्हलपरांचा, टेस्ट लीड टेस्टरांचा, आणि प्रोग्रॅम मॅनेजर नावाने मॅनेजर असूनही इंजिनीअर त्याच्या हाताखाली नसत. म्हणजे मिश्र टीम होती, पण तिचा एकच असा साहेब खाली कुठेच नव्हता. तो दोन-तीन पायऱ्या वर भेटायचा. 2014 च्या सुमारास तिथल्या बऱ्याच गटांनी डेव्हलपमेंट आणि टेस्टिंग एकत्र केलं. मग उरलेल्या एका साहेबाला 'इंजिनीअरिंग मॅनेजर' म्हणणं ओघानेच आलं.

दरम्यान फेब्रुवारी 2001 मध्ये यूटातल्या स्नोबर्ड इथे 17 जणांनी ॲजाइल जाहीरनामा लिहिला, म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या टप्प्यांत, बदल स्वीकारत बनवावं असं सांगणारा. त्याच्या आधीपासून असलेल्या स्क्रम या कामाच्या पद्धतीत काय बनवायचं ते ठरवणारा प्रॉडक्ट ओनर आहे, पद्धत नीट चालतेय ना ते बघणारा स्क्रम मास्टर आहे, डेव्हलपर आहेत. स्क्रम गाइडच्या लेखी टेस्टिंग करणाराही डेव्हलपरच. मॅनेजरला मात्र त्यात खुर्चीच ठेवलेली नाही. कंपन्यांनी स्क्रम घेतलं, पण अप्रेझल, रजा आणि पगारवाढ कुणीतरी बघायलाच हवी होती. काही पीएम दोन दिवसांचं सर्टिफिकेट करून स्क्रम मास्टर झाले आणि काम पूर्वीचंच करत राहिले. स्पॉटिफायच्या 2012 च्या लेखात या कोंडीवर 'चॅप्टर लीड' हा तोडगा होता: एकाच कौशल्याच्या माणसांचा साहेब, रोजच्या मिश्र टीमचा नव्हे.

आज खराडी-हिंजवडीत परदेशी कंपन्यांच्या केंद्रांत पदनाम बहुतेकदा मूळ कंपनीच्या जॉब कोडवरूनच येतं. स्थानिक माणसाला निवडायला उरतं ते लिंक्डइनवरचं. माझं मत विचाराल तर मिश्र टीमला 'इंजिनीअरिंग मॅनेजर' त्यातल्या त्यात बरं, टेस्टर आणि डेव्हऑप्स त्यात मावतात. डिझायनर मावत नाही, आणि तो ते बोलूनही दाखवतो.