वारा मागून होता म्हणे

माझी भाची कॉलेजकडून दोनशे मीटर पळते. गेल्या हिवाळ्यात एका मीटमध्ये तिला २५.०८ टायमिंग आलं, आधीचं बेस्ट २५.३१, त्यामुळे पोरगी नुसती उड्या मारत होती, स्पाइक्स काढायचं भान नाही, आईला व्हिडिओ कॉल लावून झाला, मैत्रिणींना सांगून झालं, आणि मग दहा मिनिटांनी निकालाचा कागद चिकटवला त्यात तिच्या रेसच्या वर लिहिलेलं, वारा +२.१, म्हणजे मागून सेकंदाला २.१ मीटर. तिच्या सरांनी त्या आकड्यावर बोट ठेवलं आणि काही न बोलता बाटलीतलं पाणी प्यायले. नियमाची मर्यादा २.० ची. त्याच्यावर वारा गेला की टायमिंग रेकॉर्डला धरत नाहीत. नंबर आला असेल तर मेडल मात्र तुमचंच, ते कोणी काढून घेत नाही.

मरिन लाइन्सहून गाडी पकडली. दादर येईपर्यंत बाईसाहेब गप्प. उतरायच्या आधी म्हणाली, "मामा, तू फिजिक्स शिकवतोस ना? मग सांग, वारा मागून होता म्हणजे काय मी पळालेच नाही?"

आता ह्याचं उत्तर दादरच्या गर्दीत देता येत नाही. म्हणून इथे लिहितोय.

सुरुवात त्याच गाडीच्या दारातून करू. गाडी स्टेशन सोडते तेव्हा दारात उभं राहिलं तर आधी काहीच जाणवत नाही, मग शर्ट फडफडायला लागतो, आणि चर्नी रोड मागे पडून गाडी रंगात आली की डोळे बारीक करावे लागतात. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर, जगातले पुरुष स्प्रिंटर साधारण ह्याच वेगाने पळतात. गाडी त्याच्या दुप्पट वेगाने गेली की तोंडावर येणारा वाऱ्याचा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गात वाढतो, सगळी गंमत ह्या एका वाक्यात आहे. आणि वेग म्हणजे जमिनीवरचा वेग नाही हं, हवेच्या तुलनेतला वेग.

माझी भाची सेकंदाला सरासरी ८ मीटर पळते. वारा अजिबात नसेल तर अडथळ्याचा हिशोब आठाचा वर्ग, ६४ धरा. मागून २ चा वारा आला तर तिच्या अंगाला हवा फक्त ६ च्या वेगाने लागते, म्हणजे ३६. समोरून २ चा आला तर १०, म्हणजे १००. मागून आला तर २८ वाचले, समोरून आला तर ३६ वाढले. वारा जेवढा देतो त्यापेक्षा जास्त घेतो, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१० च्या वेगाने पळणाऱ्या माणसाला हवा साधारण अडीच किलो वजनाच्या जोराने मागे ढकलत असते. शाळेच्या दप्तराएवढं, फार नाही. पण शंभर मीटरला २ चा वारा मागून मिळाला तर साधारण एक दशांश सेकंद वाचतो, आणि ह्या खेळात एक दशांशात तीन मेडलं मावतात.

आता १९७९ मध्ये जाऊ. विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांसाठी दर दोन वर्षांनी जागतिक स्पर्धा होतात, १९५९ ला इटलीतल्या तुरिनमध्ये सुरू झाल्या, युनिव्हर्सियाड म्हणायचे त्याला, हल्ली वर्ल्ड युनिव्हर्सिटी गेम्स म्हणतात. आपल्याकडे लोकांना फारशा माहीत नसतात, द्युती चंदने २०१९ ला नेपल्समध्ये ११.३२ सेकंदात शंभर मीटरचं गोल्ड मारलं तेव्हा चार दिवस नाव ऐकू आलं तेवढंच. तर १९७९ ची युनिव्हर्सियाड मेक्सिको सिटीत होती आणि १२ सप्टेंबरला पिएत्रो मेनेया नावाच्या इटालियन धावपटूने दोनशे मीटर १९.७२ सेकंदांत काढलं. वर्ल्ड रेकॉर्ड. विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत! वय २७, पॉलिटिकल सायन्सचा विद्यार्थी, आजच्या १८ ते २५ च्या वयोमर्यादेत बसलाही नसता. हा रेकॉर्ड १९९६ पर्यंत टिकला, मग मायकल जॉन्सनने मोडला. युरोपचा रेकॉर्ड म्हणून तर त्यानंतरही हलेना, २०२३ ला ब्रिटनचा झार्नेल ह्यूज १९.७३ पर्यंत आला आणि एका शतांशाने राहिला.

त्या दिवशी वारा किती होता? +१.८. मर्यादेच्या आत, पण जेमतेम आत.

आणि नुसता वारा नाही. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून साधारण २२४० मीटर उंचावर आहे. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर उभं राहून अजून सहाशे मीटर वर बघायचं, तिथे ते स्टेडियम. एवढ्या उंचीवर हवा आपल्या मुंबईच्या पाऊणपटीपेक्षा जराशीच जास्त दाट असते. पातळ हवा, कमी अडथळा. मेनेयाचा स्ट्रेटवरचा, म्हणजे वळणानंतरच्या सरळ भागातला, हिशोब करून बघा, १० मधून १.८ वजा केले, ८.२ चा वर्ग ६७, त्याचे पाऊण धरले तर पन्नासच्या आसपास. मुंबईत वारा नसताना त्याला हवेने १०० चा अडथळा केला असता, तिथे तो निम्म्यावर आला होता.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये हाच माणूस बार्लेत्ताला पळाला, त्याचं स्वतःचं गाव, समुद्राकाठचं, वारा फक्त +०.२, आणि टायमिंग आलं १९.९६. फरक ०.२४ सेकंदाचा. आता दोन वेगवेगळ्या वर्षांतले दोन दिवस, पाय वेगळे मूड वेगळा, ह्याला प्रयोगशाळेतला प्रयोग कोणी म्हणणार नाही, मीही नाही म्हणत. पण कागदावर गणित केलं की उंची आणि वारा मिळून फायदा साधारण ह्याच घरातला निघतो, त्यामुळे मला तरी हा आकडा पटतो. आणि समुद्राकाठी वाऱ्याच्या फारशा मदतीशिवाय १९.९६ काढणारा माणूस फुकटचा चॅम्पियन नव्हता हेही त्यातूनच कळतं. त्याच वर्षी मॉस्को ऑलिम्पिकचं गोल्डही त्याचंच.

मेनेयाच्या आधीचा रेकॉर्ड कुठला होता माहितीय? टॉमी स्मिथचा १९.८३, १९६८ च्या ऑलिम्पिकमधला, म्हणजे तोही मेक्सिको सिटीतलाच. १९६८ पासून १९९६ पर्यंत अठ्ठावीस वर्षं दोनशे मीटरचा वर्ल्ड रेकॉर्ड त्या एका शहराकडे होता. बॉब बीमनची ८.९० मीटरची लांब उडी तिथलीच, वारा बरोब्बर +२.०, आणि आधीचा रेकॉर्ड होता ८.३५.

मग सगळ्यांनी मेक्सिकोला जाऊनच का नाही पळायचं? कारण हीच पातळ हवा लांब पल्ल्यावाल्यांचा जीव काढते. वीस सेकंदांच्या रेसला स्नायूंत आधीच साठवलेली एनर्जी बऱ्यापैकी पुरते, श्वासातल्या ऑक्सिजनवर फार काम नसतं. दहा हजार मीटरवाल्याचं सगळं दुकान ऑक्सिजनवर चालतं आणि तिथे प्रत्येक श्वासात तोच कमी. १९६८ ला दहा हजार मीटरचा वर्ल्ड रेकॉर्ड २७ मिनिटं ३९ सेकंदांचा होता, मेक्सिकोत गोल्ड गेलं २९ मिनिटं २७ सेकंदांना, आणि ज्याच्या नावावर रेकॉर्ड होता तो रॉन क्लार्क फिनिशला कोसळला, ऑक्सिजन लावायला लागला त्याला.

मला खटकतं ते पुढचं. वाऱ्याला मर्यादा आहे, उंचीला नाही. हजार मीटरच्या वरच्या ट्रॅकवरचं टायमिंग असेल तर आकडेवारी ठेवणारे लोक त्याच्यापुढे एक 'ए' अक्षर लावतात, बस, रेकॉर्ड मात्र रेकॉर्डच. उद्या महाबळेश्वरला कोणी सिंथेटिक ट्रॅक टाकला तर हवा मुंबईपेक्षा दहा-पंधरा टक्के पातळ मिळेल, 'ए' लागेल आणि टायमिंग धरलं जाईल. माझ्या भाचीचं +२.१ मात्र बाद. त्यामागचं लॉजिक मी समजू शकतो, वारा रेसगणिक बदलतो, हीट म्हणजे फायनलआधीची फेरी, हीट एकला मिळाला हीट दोनला नाही, उंची निदान सगळ्या लेनना सारखी. पण वेगवेगळ्या शहरांतली टायमिंग एकाच यादीत लावायची म्हटली की हे लॉजिक लंगडं पडतं.

आणि तो २.१ तरी खरा २.१ असतो का? इथे जरा थांबू, कारण भाचीच्या रेसनंतर मी मुद्दाम वाऱ्याच्या मशीनपाशी जाऊन उभा राहिलो होतो. ट्रॅकच्या आतल्या बाजूला, फिनिशपासून ५० मीटर मागे, एका स्टँडवर १.२२ मीटर उंचीवर, म्हणजे माझ्या छातीच्या जरा खाली, एक छोटं यंत्र होतं. फिरणारं काही नाही. त्याच्या दोन टोकांमध्ये आपल्याला ऐकू न येणारा आवाज इकडून तिकडे आणि तिकडून इकडे सोडतात. वाऱ्याबरोबर जाणारा आवाज लवकर पोचतो, वाऱ्याच्या उलट जाणारा उशिरा, दोन वेळांच्या फरकावरून वारा किती ते निघतं. पूर्वी पंख्याची यंत्रं असायची, आता रेकॉर्डसाठी ती चालत नाहीत. मोजतात तेही फक्त ट्रॅकच्या दिशेतला वारा, आडवा कितीही येऊ दे.

शंभर मीटरला गन वाजल्यापासून १० सेकंदांची सरासरी घेतात. दोनशेची रेस बेंडवर, म्हणजे वळणावर सुरू होते, पहिला धावपटू तो बेंड संपवून स्ट्रेटवर आला की तिथून १० सेकंद. म्हणजे अर्धी रेस मोजलीच जात नाही! स्ट्रेटवर मागून येणारा वारा बेंडच्या सुरुवातीला समोरून असतो, कारण तिथे धावपटूचं तोंडच उलट दिशेला असतं, मग वळता वळता तो बाजूने होतो आणि शेवटी मागून. माझ्या भाचीने पहिल्या काही सेकंदांत तोच वारा तोंडावर खाल्ला, त्याची नोंद कुठेच नाही. वर बेंडवर वेग सांभाळायला आत झुकावं लागतं, १० च्या वेगाला एक नंबर लेनमध्ये साधारण १५ अंश, आठव्या लेनमध्ये वळण मोठं म्हणून १३ च्या आसपास, म्हणून तर उंच पोरं एक नंबर लेन मिळाली की कुरकुरतात.

अजून एक. रीडिंग पुढच्या दशांशावर चढवतात. वारा २.०१ भरला तरी कागदावर २.१. म्हणजे तिचा वारा २.०१ होता की २.१० हे त्या कागदावरून कळायला मार्गच नाही. हे तिला मी अजून सांगितलेलं नाही, उगाच झोप उडायची.

चारशे मीटर आणि त्यापुढे वारा मोजतच नाहीत. पूर्ण राउंडमध्ये जेवढा मागून तेवढाच समोरून, फिटंफाट, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण वरचे आकडे आठवा. अर्धा राउंड ३६, अर्धा १००, सरासरी ६८, आणि वारा नसताना ६४. म्हणजे गोल रेसमध्ये वारा आला की तोटाच. २०२५ ला जर्मनीत वर्ल्ड युनिव्हर्सिटी गेम्स झाले, ॲथलेटिक्स बोखुमला होतं, तिथे अंकिता ध्यानीने तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये आणि सीमाने पाच हजारमध्ये सिल्व्हर आणलं, पोरांच्या चार बाय शंभर रिलेला ब्राँझ मिळालं, ह्या तिन्ही रेसना वाऱ्याचा आकडा नसतो. प्रवीण चित्रवेलने ट्रिपल जंपमध्ये १६.६६ मीटरवर सिल्व्हर घेतलं, तिथे मात्र प्रत्येक उडीमागे वारा लिहितात.

राहता राहिली आपली मुंबई. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे होते, आठवत असतील, दुपारी जमीन तापली की समुद्रावरून खारे, रात्री जमिनीवरून मतलई. मरिन लाइन्सचं युनिव्हर्सिटी ग्राउंड काय किंवा नेपियन सी रोडचं प्रियदर्शिनी पार्क काय, समुद्राच्या कुशीतच. सकाळी हीटला पान हलत नाही आणि दुपारी फायनलला शामियान्याचं कापड फडफडतं. आणि दमट हवेला आपण जड म्हणतो ना, ती खरं तर हलकी असते. पाण्याच्या वाफेचा रेणू नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका, त्यामुळे वाफ शिरली की हवेची घनता कमी होते. फरक फार नाही, टक्काभर. घामाने चिकचिकलेल्या पोरांना हे सांगायला गेलं तर मार खाल.

तर तिच्या प्रश्नाचं उत्तर: पळालीस, २५.०८ सेकंदांतच पळालीस, घड्याळ खोटं बोलत नाही. वाऱ्याने त्यातले पाव सेकंदाच्या आतलेच काहीतरी दिले असतील, आणि बेंडवर परत घेतले किती ते कोणालाच सांगता येणार नाही.

हे लिहीत असताना तिचा मेसेज आला. रविवारी दुसरी मीट होती. २५.२७, वारा -१.४. २५.०८ धरलंच नव्हतं, म्हणजे हे तिचं नवीन बेस्ट, तेही वारा समोरून असताना. खाली लिहिलंय, "मामा, मागून असला की बाद करतात ना, मग समोरून असला की वजा करून देतात का?"

नाही देत.

"मग पुढच्या मीटला सकाळची फायनल ठेवायला सांग कोणालातरी," असं म्हणते. कोणाला सांगू?