मिठाच्या पाण्याने चादरीचा रंग पक्का होत नाही

नवी सोलापुरी चादर पहिल्यांदा धुण्याआधी मिठाच्या पाण्यात भिजवली की तिचा रंग पक्का होतो, हा सल्ला अनेक घरांत दिला जातो. तो चुकीचा आहे. या समजुतीचे मूळ रंगाईत असावे. पाण्यात सुती धागा आणि त्यावर चढवायचा रंग या दोहोंवर ऋण विद्युतभार असल्याने ते एकमेकांना दूर लोटतात. मीठ हा दुरावा कमी करते आणि रंग धाग्याकडे सरकतो. मात्र रिॲक्टिव्ह रंग, म्हणजे सुती धाग्याशी रासायनिक बंध जोडणारा रंग, धाग्याशी कायमचा जोडला जातो तो त्यानंतर घातलेल्या धुण्याच्या सोड्यामुळे, आणि हे काम रंगाईच्या वेळीच पूर्ण व्हावे लागते. काही रंग खाऱ्या पाण्यात तेवढ्यापुरते कमी सुटतात, त्यामुळे पाणी स्वच्छ दिसून फसगत होते. पुढच्या साध्या धुण्यात तोच रंग पुन्हा उतरतो. व्हिनेगरचीही सुती कापडावर मात्रा चालत नाही, कारण आम्लाची मदत लोकर आणि रेशमाच्या रंगांना होते. म्हणून गडद चादर पहिले काही वेळा थंड पाण्यात वेगळी धुवावी, भिजत ठेवू नये आणि सावलीत वाळवावी. सुटा रंग निघून गेला की पाणी आपोआप निवळते.